दोन कर्जांचा तांडेल: एका पटकथेचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका छोट्या गटाने तलवारबाजी, मंत्रतंत्र आणि भुताखेतांचा मराठी सिनेमा करायला घेतला, त्याच्या पटकथेचं हे प्रकरण आहे. दिग्दर्शक तिशीतला, कुडाळकडचा, मुंबईत सहायक म्हणून राबून परत आलेला. निर्माता आंबा-काजूच्या धंद्यातला. लढाया आणि राक्षसाची कामं करायला एका दशावतारी कंपनीतले काही कलाकार घेतले होते. माझ्याकडे संहिता होती. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, कुठे अडतंय ते सांगायचं आणि जमलं तर सोडवायचं, एवढंच काम.

पहिल्या खर्ड्यातली गोष्ट थोडक्यात अशी. काळ १७५६ नंतरचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचे सैनिक विजयदुर्गावर आले, जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती, आणि तुळाजी आंग्र्याची गलबतं बंदरातच जळाली. तुळाजीच्या आरमारातला एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, वाचतो. मालक गेला, पगार गेला, हातात फिरंग तलवार तेवढी उरली. चार साथीदार घेऊन तो किनाऱ्यावरची गावं लुटायला लागतो. एका गावात कापाकापी करून निघताना खाडीच्या मुखाशी त्याला गिरा भेटतो. पाण्यातलं हे भूत त्याला सांगतं, की तुझ्या जन्माआधी तुझ्या बापाने तुला माझ्याकडे लावून दिलंय. वादळात गलबत वाचावं म्हणून बोलून गेलेला नवस तो. तांडेल हादरतो, तलवार टाकतो, एका देवळाच्या धर्मशाळेत झाडलोट करत राहतो. पुढे एक कुटुंब त्याला आसरा देतं, मांत्रिकाची माणसं त्या घरातली मुलगी पळवतात, तांडेल पुन्हा तलवार उचलतो, मुलगी सोडवतो, गिऱ्याला संपवतो. मोकळा होतो.

खर्डा वाचून सगळ्यांनी ‘छान आहे’ म्हटलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. संहितेच्या धंद्यात याच्याइतकी वाईट प्रतिक्रिया दुसरी नसते.

दिग्दर्शकाने आपला आदर्श लपवला नव्हता. मायकल जे. बॅसेटने लिहून दिग्दर्शित केलेला ‘सॉलोमन केन’ त्याने कितीदा पाहिला होता देव जाणे. २००९च्या सप्टेंबरमध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. जेम्स प्युअरफॉय नायक, मॅक्स फॉन सिडो त्याचा बाप, पीट पॉसलथ्वेट हा आसरा देणाऱ्या कुटुंबाचा कर्ता. तीन भागांची मालिका करायचा बेत होता, पण पहिल्याचाच खर्च तिकीटबारीवर वसूल झाला नाही आणि पुढचे भाग निघाले नाहीत. अमेरिकेत तर तो २०१२ उजाडल्यावर लागला. तरीही या प्रकारच्या सिनेमांची आवड असणाऱ्यांत त्याचं नाव निघतं आणि त्याला कारण आहे. चिखल, पाऊस, जळकी झाडं, थकलेली माणसं. जादू आहे पण तिची चमक नाही, ती रोगासारखी पसरते. प्युअरफॉयचा चेहरा तर असा, की पुढच्या क्षणी हा माणूस प्रार्थना करील की गळा चिरील ते कळत नाही.

कथा १६०० सालच्या उत्तर आफ्रिकेत सुरू होते. केन आपल्या खलाशांसह एका तटबंदीच्या शहरावर तुटून पडतो, समोर येईल त्याला कापत जातो. खजिन्यापाशी सैतानाचा वसुली करणारा दूत त्याची वाट पाहत असतो. तुझा आत्मा आमचा आहे, तो न्यायला आलोय, असं सांगतो. केन खिडकीतून उडी मारून निसटतो, इंग्लंडात मठात जाऊन राहतो, अंगभर पवित्र चिन्हं कोरून घेतो आणि हिंसा सोडल्याची शपथ घेतो. मठातून त्याला घालवून देतात. रस्त्यात लुटारू मारतात, प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथातलं एक कुटुंब उचलून घेतं. त्या कुटुंबावर संकट येतं, धाकट्या मुलाचा डोळ्यांदेखत खून होतो आणि केनची शपथ मोडते. मरता मरता त्या कुटुंबातला बाप म्हणतो, माझ्या मुलीला, मेरेडिथला सोडव, तुझा आत्मा तरेल. शेवटी केन स्वतःच्याच वाड्यात पोचतो. थोरला मुलगा उठावा म्हणून त्याच्या बापाने मांत्रिकाला घरात घेतलेलं असतं आणि त्या व्यवहारात केनचा आत्मा गहाण पडलेला असतो, ते तिथे उघड होतं. मांत्रिक मरतो, मुलगी सुटते, केन सुटतो.

आता मुख्य प्रसंग. पावसाळ्यात दशावताराचे प्रयोग बंद असतात. कलाकार लावणीच्या कामात दिवसभर चिखलात, पण रात्री मोकळे. लढायांचा बाज समजावा म्हणून दिग्दर्शकाने एका कलाकाराच्या पडवीत भिंतीवर चादर लावून हा सिनेमा दाखवला. संवाद इंग्रजी, त्यामुळे हा मालवणीत सांगत होता. कंपनीतले सगळ्यांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते खांबाला टेकून बसले होते. आयुष्यभर राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांच्या भूमिका, केलेला माणूस. आरशांच्या महालात भुतं आरशांतून हात बाहेर काढतात तिथे ‘बरा केल्यान’ असं मनापासून म्हणाले. तळघरातल्या पिशाच्चांनाही दाद दिली. सिनेमा संपला, दिवा लागला, चहा आला. मग आबांनी विचारलं,

“तो परत त्या गावात कधी गेलो?”

“खयच्या गावात, आबा?”

“सुरवातीक जंय माणसां कापल्यान, थंय.”

“ता आफ्रिकेत. हो इंग्लंडात असा.”

“असांदे. गेलो काय नाय?”

“नाय.”

“मगे सुटलो कसो?”

दिग्दर्शकाने समजावलं, की त्याने त्या चेडवाला, त्या मुलीला, वाचवलं, मांत्रिकाला मारलं, म्हणून. आबा म्हणाले, “ता बरा केल्यान. पण ती माणसां वायली, ह्या चेडू वायला.” वायलं म्हणजे वेगळं. एवढं बोलून ते चहा प्यायला लागले.

हा आक्षेप वरवर भाबडा वाटतो. दिग्दर्शकालाही वाटला. परतताना गाडीत तो म्हणाला, की ही काय कोर्टाची केस आहे का? हा प्रकारच असा असतो, नायक वाईट असतो आणि शेवटी थोडा कमी वाईट होतो. त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. केनची मूळ निर्मिती टेक्ससच्या रॉबर्ट ई. हॉवर्डची. १९२८ साली ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात तो पहिल्यांदा आला, हॉवर्डच्याच कोनान या नायकाच्याही चार वर्षं आधी. हॉवर्ड १९३६ साली तिशीतच गेला. तलवार आणि मंत्रतंत्राच्या या प्रकाराला आज स्वॉर्ड अँड सॉर्सरी म्हणतात, ते नाव तर फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१मध्ये सुचवलं, म्हणजे ज्याने हा प्रकार उभा केला त्याला त्याचं नाव माहीतही नव्हतं. हॉवर्डच्या कथांतला केन हा काळ्या कपड्यांतला, कठोर, भटका प्युरिटन आहे. तो असा का झाला हे हॉवर्ड सांगत बसत नाही. तो येतो, दुष्टाला गाठतो, मारतो, पुढे जातो. त्याचं पाप नाही आणि म्हणून प्रायश्चित्तही नाही. पूर्वायुष्य, पाप, बापाचा व्यवहार, उद्धार, हे सगळं सिनेमाने घातलं.

माझं म्हणणं इथेच होतं. हॉवर्डने खातंवही उघडलीच नव्हती. सिनेमाने उघडली, पहिल्या दहा मिनिटांत एका अख्ख्या शहराचं देणं तिच्यात लिहिलं आणि मग हिशेब दुसऱ्याच पानावर केला. आबांनी बरोबर तेवढंच बोट ठेवलं होतं.

नीट पाहिलं तर केनवर दोन कर्जं आहेत. एक बापाने केलेलं. ते सैतानाचं, आत्म्याचं, त्यात केनचा दोष शून्य. दुसरं त्याने स्वतः केलेलं, त्या शहरातल्या माणसांचं. सिनेमा पहिलं फेडतो. ते इतकं गाजावाजाने फेडतो, आगीचा राक्षस, तुटणारे आरसे, बाप-भावाचा शेवट, की पाहणाऱ्याला वाटतं दुसरंही फिटलं. बापाच्या व्यवहाराचं रहस्य खुलतं तेव्हा तर नायकाचं पाप आणखी हलकं होतं, कारण आता तोही फसवला गेलेलाच. सिनेमावर अन्याय नको म्हणून सांगतो, केनच्या मनातली टोचणी खोटी नाही. क्रूसावर टांगलेला असताना मेरेडिथची हाक ऐकून तो खिळ्यांतून स्वतःचे हात उपसतो, ते पाहताना अंगावर काटा येतो. पण ते सोसणं आणि ते देणं यांची गाठ कुठे पडतच नाही.

आणि आमच्या खर्ड्याने ही गोम जशीच्या तशी उचलली होती. गिऱ्याला मारलं की बापाचा नवस फिटतो. लुटलेल्या गावाचं काय? आमच्या खर्ड्यात त्या गावातलं कुणी जिवंतच ठेवलं नव्हतं. लिहिणाऱ्याची ही मोठी सोय असते. मेलेलं गाव मागायला येत नाही.

आबांना हे का दिसलं आणि आम्हाला का नाही, याचं उत्तर त्यांच्या रोजच्या कामात आहे. दशावताराच्या आख्यानांत शाप आणि उःशाप यांची ये-जा सतत चालू असते. राक्षस देवाच्या हातून मरतो आणि मुक्त होतो, पण तो राक्षस झाला ते कुणाच्या तरी शापाने, आणि शाप देणाऱ्यानेच सुटकेची अट घातलेली असते. लेखी संहिता नसते. रंगपटात ज्येष्ठ कलाकार कथानक सांगतो आणि संवाद मंचावर उभे राहून जुळवायचे. कुणी कुणाला काय बोललं होतं, कुठली अट पुरी व्हायची राहिली, हे ध्यानात ठेवलं नाही तर पहाटे दहिकाल्यापर्यंत आख्यान पोचतच नाही. राहिलेली अट त्यांच्या कानाला आपोआप खटकते. बापाचा नवस हा त्यांच्या हिशेबी शाप, त्याला उःशाप चालतो. गाव जाळणं हा शाप नव्हे. त्याची अट दुसरं कोण घालणार, गावच घालणार.

दुसरं म्हणजे गाऱ्हाणं. कोकणात ज्याने एकदा देवळात उभं राहून गाऱ्हाणं ऐकलंय त्याच्या कानात ते कायमचं बसतं. ‘कळत नकळत वाडवडिलांकडून काय चूकभूल झाली असेल तर’ असं गाऱ्हाणं घालणारा म्हणतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बापाची चूक लेकाच्या वतीने देवापुढे ठेवायची तिथे रीतच आहे. पण स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगायची, हे त्याच जागी उभं राहून किती जड जातं तेही तिथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

दुसऱ्या खर्ड्यात सगळ्यात आधी गाव जिवंत केलं. कसं, यावर बराच खल झाला. वाट गावपळणीतून सापडली. मालवण तालुक्यात आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतं आणि पुन्हा कौल झाला की परततं. त्या काळात गावात माणसाने पाऊल टाकायचं नाही. आमचं गाव काल्पनिक आहे आणि त्याला नावही दिलेलं नाही, पण प्रथा हीच. तांडेलाची टोळी नेमकी त्या दिवसांत येते. रिकामी घरं, बंद दारं, कुत्रं नाही, कोंबडं नाही. टोळीला हे फावतं आणि भीतीही वाटते. कोकणात काळी अद्भुतकथा करायची तर महालबिहाल उभारायची गरज नाही, हे मला त्या पानांवर पहिल्यांदा पटलं. तीन दिवस ओस पडलेलं गाव पुरेसं आहे.

ते घरं फोडतात, होड्या जाळतात, किनाऱ्यावरच्या मांगरातली रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, जाळतात. त्या रात्री गावातली दोन पोरं नेम मोडून चोरून परत आलेली असतात, जाळी नीट झाकली आहेत का बघायला. ती तांडेलाच्या हाताने मरतात.

हे वाचल्यावर कलाकारांपैकी एक जण अस्वस्थ झाला. गावपळणीत असं आत कुणी जात नाही, म्हणाला, जाणारच नाय. आम्ही म्हटलं, बरोबर, म्हणूनच तर पुढचं सगळं घडतं. कारण गाव परततं तेव्हा गावाकडे उत्तर तयार असतं: पोरांनी नेम मोडला, कोप झाला. लुटारू आले होते हे कुणी पाहिलेलं नाही. आग देवाची, मरण देवाचं. आणि त्या पोरांची आई तेव्हापासून गावात मान खाली घालून जगते. तिच्या पोरांमुळे गावाची रापण गेली, असं विहिरीवर तिच्या तोंडावर बोललं जातं.

हे सापडलं आणि पटकथा चालायला लागली. तांडेलाला आता गप्प राहता येतं. त्याला कुणी ओळखत नाही, कुणी शोधत नाही, त्याचं पाप देवाच्या नावावर जमा झालेलं आहे. फक्त त्याच्या गप्प राहण्याची किंमत एक बाई रोज भरते आहे. आधीच्या खर्ड्यात पळवलेली मुलगी होती, ती आम्ही काढली नाही. गिऱ्याशी झुंजायला ते निमित्त लागतंच. पण ती आता या बाईची उरलेली लेक झाली. तांडेल लेकीला सोडवून आणतो, बाई त्याला देवमाणूस म्हणते, आणि तिथे सिनेमा संपण्याऐवजी खऱ्या अर्थाने सुरू होतो.

मध्ये एक छोटा वाद झाला तोही नोंदवतो. निर्मात्याला गिऱ्याऐवजी देवचार हवा होता. नाव भारदस्त, पोस्टरवर शोभतं. कलाकारांनी एका सुरात नाही म्हटलं. देवचार सीमेचा राखणदार, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. वर्षाची राखण दिली की तो गाव सांभाळतो, त्याला राक्षस कोण करील? निर्माता स्वतः मालवणकडचा, त्यामुळे फार ताणलं नाही. मला तर वाटतं त्याच्याच घरी त्याला कुणीतरी झापलं असावं.

लढायांकडे येतो, कारण गोष्टीचा हा बदल तिथपर्यंत झिरपला. दशावतारातलं युद्ध म्हणजे अर्धं नृत्य. पखवाज आणि झांज यांच्या लयीत दोघं एकमेकांभोवती गोल फिरतात, गिरकी घेतात, तलवारीवर तलवार तालात पडते. मंडपात समोर बसून पाहिलं की रक्त उसळतं. कॅमेरा जवळ गेला की मात्र तलवार हातभर अंतरावरून जाताना दिसते आणि चालही ठरलेली वाटते. पहिल्या सरावात दिग्दर्शक वैतागला. त्याला प्युअरफॉयसारखं हवं होतं, वजनदार, चिखलातलं, धापा टाकणारं. तो कलाकारांना गिरक्या सोडायला सांगत होता आणि ते सोडल्यावर त्यांचे पायच अडखळत होते.

पुढचं काम सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर होतं. सडा जुलैतला. कातळावर हिरवं शेवाळ, मधल्या खळग्यांत घोटाभर पाणी, समुद्राकडून येणारा पाऊस आडवा. साध्या चपलेने उभं राहणं मुश्कील. कलाकारांपैकी एकाने तळपायाला सुंभ गुंडाळून घेतलं, मग सगळ्यांनी घेतलं. सुंभ कातळाला धरतं. आबा गिऱ्याच्या वेषात, तोंडाला सफेदा, डोळ्यांभोवती काजळ. पहिल्याच सरीत रंग ओघळला, सफेद्यातून काजळाच्या रेघा मानेपर्यंत गेल्या. रंगभूषा करणारा पोरगा पुसायला धावला, तर कॅमेऱ्यामागून दिग्दर्शकच ओरडला, थांब. पाण्यातल्या भुताचं तोंड असंच दिसायला पाहिजे होतं, क्षणाक्षणाला बदलणारं. संगणकावरच्या राक्षसासाठी काढून ठेवलेले पैसे त्या दुपारी वाचले.

आणि त्याच वेळी लढाईची किल्लीही सापडली. आबांनी गिरकी घेतली, पुन्हा घेतली, ओघळत्या तोंडाने, पखवाज मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर. पाहणारे सगळे गप्प झाले. भुताने तालात लढायला काय हरकत आहे? ते माणूस नाहीच. तेव्हा ठरवलं, की गिऱ्याबरोबरची झुंज पूर्ण दशावतारी अंगाने करायची, पखवाजासकट, मध्ये एकही कट न घेता सलग. माणसांबरोबरच्या चकमकी मात्र बिनसंगीताच्या, आखूड, कुरूप: एक घाव, एक पडणं, धाप. बापाचं कर्ज ताल धरून फिटतं. स्वतःच्या हाताने केलेल्या खुनांना ताल नाही. कागदावर आम्ही ज्यावर महिना महिना वाद घातला ते सड्यावर पायाला सुंभ बांधलेल्या माणसांनी दाखवलं, आणि खरं सांगायचं तर कागदापेक्षा स्वच्छ दाखवलं.

राहिला शेवट. तांडेल देवळात गाऱ्हाण्याला उभा राहतो. ‘व्हय म्हाराजा’ चालू असताना मध्येच बोलतो: आग मी लावली, पोरं मी मारली. दिग्दर्शकाला इथे आईने तांडेलाच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी ठाम नको म्हटलं. क्षमा तिची आहे, पटकथाकाराने ती परस्पर वाटू नये. आता ती काही बोलत नाही. गर्दीतून पुढे येते, ज्या बाया विहिरीवर बोलायच्या त्यांच्याकडे एकेकीकडे बघते आणि निघून जाते. तांडेलाकडे बघतसुद्धा नाही. तिला हवं होतं ते तिच्या पोरांच्या नावावरचा डाग जाणं, ते झालं.

गुरव पाषाणाला कौल लावतो: याला गावात ठेवावं का? कौल डावा पडतो. त्याला वेशीच्या आत जागा नाही. पण रापण ओढली जाते ती किनाऱ्यावर, वेशीबाहेर. गाव नवी रापण विणायला बसलेलं असतं आणि ओढायला माणसं लागतात. रापणीचा नियम सगळ्यांना माहीत आहे, दोराला हात लावला त्याला वाटा. तांडेल दोर ओढतो आणि वाट्याच्या वेळी उठून जातो. सिनेमा तिथे थांबतो. तो सुटला की नाही हे आम्ही सांगत नाही.

निर्मात्याचा आक्षेप उघड होता: गिऱ्याशी एवढी लढाई झाल्यावर वीस मिनिटं देऊळ आणि मासे कोण बघणार? लोक उठून जातील. हा आक्षेप धंद्याचा असला तरी पोकळ नव्हता. या प्रकारचा प्रेक्षक तलवारीसाठी येतो आणि तलवार म्यान झाल्यावर त्याला धरून ठेवायला दुसरं काही लागतं. म्हणून एका संध्याकाळी कलाकारांच्या वाडीतल्या लोकांसमोर दुसरा खर्डा मोठ्याने वाचला. कॉलेजातली मुलं रापणीच्या प्रसंगाला चुळबुळली, दोघं उठून मोबाइलवर गेली. बायका मात्र देवळाच्या प्रसंगापाशी पुढे सरकून बसल्या, आणि नंतर त्यांनी विचारलं ते सगळं त्या आईबद्दल: ती त्याला कधी जेवायला घालते का, लेकीला कळतं का, तांडेल मेल्यावर त्याचं कोण करतं. तलवारीबद्दल एकीनेही विचारलं नाही. निकाल असा संमिश्र होता आणि त्यातून जो तो आपल्याला हवं ते ऐकून घरी गेला.

तडजोड झाली ती अशी: रापणीचा शेवट राहिला, पण आखडला. कबुलीचा प्रसंग पूर्ण ठेवला. गिऱ्याची झुंज थोडी पुढे सरकवून रात्रीऐवजी पहाटेवर आणली, म्हणजे तीच सकाळ देवळात उजाडते आणि मधे प्रेक्षकाला उसंत मिळत नाही. हा बदल निर्मात्याने सुचवलेला आणि चांगला आहे.

आबांनी दुसरा खर्डा ऐकून एकच दुरुस्ती सांगितली. तांडेल दोर ओढतो तेव्हा त्याला रांगेत मधे उभा करू नका, म्हणाले. नवा माणूस दोराच्या शेपटाला उभा राहतो, आणि ओला दोर गुंडाळून ठेवायचं काम त्याचं. ती दुरुस्ती घेतली.

निर्माता आता दुसऱ्या भागाचं बोलायला लागला आहे. तांडेलाने पुन्हा तलवार घ्यावी, गावोगावची भुतं मारत हिंडावं, तीन भाग व्हावेत. दिग्दर्शकाचा कल अजून ठरलेला नाही. ज्याला वेशीच्या आत येऊ दिलेलं नाही आणि ज्याने वाटा नाकारलाय त्या माणसाला किनाऱ्यावरून कशासाठी हलवायचं, हे मला कुणी पटवून दिलं तर मी लिहायला तयार आहे. तूर्त पहिल्याच्या संकलनाचे पैसे उभे राहायचे आहेत.